सत्तरच्या दशकातला सॉफ्ट रॉक ऐकायचाय? प्लेलिस्ट बंद करा आणि कव्हरच्या मागची नावं वाचा

कुठल्याही ॲपवर सत्तरच्या दशकातला सॉफ्ट रॉक (गिटार-पियानोवरचा शांत, मवाळ रॉक) शोधा, तीच तीस-चाळीस गाणी समोर येतात. ईगल्सचं एक, कार्पेंटर्सचं एक, ब्रेडचं एक, जॉन डेन्व्हरचं एक, मध्येच कुठूनतरी ॲबा. ऐकायला बरं वाटतं, ऑफिसचं काम करता करता मागे चालू राहतं, आणि तासाभराने कोणी विचारलं काय ऐकलंस तर काही सांगता येत नाही. मग लोक म्हणतात हे सगळं एकसारखंच आहे हो, गोडगोड, हॉटेलच्या लॉबीत वाजवायचं. मला यात गाण्यांचा दोष वाटत नाही. वेगवेगळ्या दहा घरांतून एकेक माणूस उचलून आणून एका खोलीत बसवला की कोणाचीच ओळख होत नाही, तसं त्या प्लेलिस्टमध्ये होतं.

खरी गंमत अशी आहे की या मंडळींनी विचार अल्बमचा केला होता, आणि ती एकमेकांच्या अल्बमवर सर्रास वाजवत-गात होती. एकाच्या रेकॉर्डवर ज्याने गिटार वाजवली त्याच्या रेकॉर्डवर पहिला माणूस पियानोला बसलेला असतो, ड्रम्सवाला दोन्हीकडे तोच असतो. त्यामुळे या म्युझिकमध्ये शिरायचा माझ्या मते एकच धड रस्ता आहे: एक अल्बम पूर्ण ऐकायचा, कव्हरच्या मागची वादकांची नावं वाचायची, त्यातलं एक नाव पकडायचं आणि त्याच्या मागे मागे पुढच्या अल्बमवर जायचं. खाली तेच सविस्तर सांगतोय, नवख्या माणसाला धरून. ज्यांनी हे सगळं कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकलंय त्यांनी पहिली पायरी वाचून मग थेट तिसरीवर उडी मारली तरी चालेल.

पायरी १: आधी ॲपची सेटिंग्ज नीट करा

हे कंटाळवाणं काम आहे पण पाच मिनिटांचं आहे, आणि न केल्यास पुढचं सगळं वाया जातं. शफल बंद. २०२१ मध्ये गायिका ॲडेलने मागणी केल्यावर स्पॉटिफायने अल्बमवरचं शफलचं बटण डिफॉल्ट म्हणून काढलं, तरी फुकटच्या अकाउंटवर मोबाईलमध्ये अजून उलटसुलट वाजू शकतं, तेव्हा बघून घ्या. क्रॉसफेड शून्यावर आणा, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो आणि मधली शांतता मरते, जी या रेकॉर्ड्समध्ये मुद्दाम ठेवलेली असते. ऑटोप्ले बंद करा म्हणजे अल्बम संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने काहीबाही लावणार नाही. इक्वलायझर सपाट ठेवा, बेस बूस्ट तर अजिबात नको, कारण यातला बास गिटार आणि डबल बास (मोठ्या व्हायोलिनसारखं उभं धरायचं वाद्य) हळुवार वाजवलेला आहे आणि तो फुगवला की गायकाचा आवाज त्याखाली दबतो. ॲपल म्युझिक वापरत असाल तर पहिल्या वेळी डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी आवाज आल्यासारखं वाटवणारी सोय) बंद ठेवा. ते मिक्स हल्लीच्या लोकांनी नव्याने केलेलं असतं. वाईट असतंच असं नाही, पण आधी मूळ ऐका ना.

युट्यूबवर ऐकणार असाल तर कलाकाराच्या नावापुढे ‘टॉपिक’ लिहिलेलं अधिकृत चॅनल शोधा. कोणीतरी घरी बसून चढवलेल्या ‘फुल अल्बम’ व्हिडिओंमध्ये पकडले जाऊ नये म्हणून स्पीड किंवा पट्टी अनेकदा किंचित बदललेली असते, ती कानाला लगेच कळत नाही पण काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं.

अजून एक बघायचं. अल्बम निवडताना शेजारी ‘डिलक्स’, ‘ॲनिव्हर्सरी’ असं काही लिहिलेलं असेल तर त्यात मूळ गाण्यांनंतर डेमो, लाइव्ह वगैरे वीस-वीस ट्रॅक चिकटवलेले असतात. ते नंतर ऐका. मूळ अल्बम कुठे संपतो ते माहीत हवं: कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ १२ गाण्यांचा, जोनी मिचेलचा ‘ब्लू’ १० चा, निक ड्रेकचा ‘पिंक मून’ ११ चा. आणि नावात साम्य असलं तरी साल तपासा. कॅट स्टीव्हन्सने, म्हणजे आताच्या युसुफने, २०२० साली आपला १९७० चा ‘टी फॉर द टिलरमन’ सगळाच्या सगळा पुन्हा रेकॉर्ड केला, शोधताना दोन्ही येतात आणि घाईत नवा लागतो.

पायरी २: सुरुवात ‘टॅपेस्ट्री’पासून, आणि एका वेळी एकच बाजू

‘टॅपेस्ट्री’ आला फेब्रुवारी १९७१ मध्ये आणि अमेरिकेत सलग १५ आठवडे पहिल्या नंबरवर बसला. पण मी त्याच्यापासून सुरुवात करा म्हणतोय ते खपाच्या आकड्यासाठी नाही, तर यातली प्रत्येक गोष्ट वेगळी वेगळी ऐकू येते म्हणून. पियानो मध्यभागी, तो कॅरोल स्वतः वाजवतेय, बाकी सगळे तिच्या भोवती, कोणीही पुढे पुढे करत नाही. निर्माता लू ॲडलर होता आणि त्याला ते असंच हवं होतं, बाई पियानोला बसून खोलीत गातेय असं.

रेकॉर्डला दोन बाजू असतात आणि एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटंच मावतात, त्यामुळे त्या काळचे लोक प्रत्येक बाजूला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट द्यायचे. ‘टॅपेस्ट्री’ची पहिली बाजू ‘आय फील द अर्थ मूव्ह’ने धाडकन सुरू होते आणि ‘वे ओव्हर यॉन्डर’वर संपते, दुसरी ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ने उघडते. ॲपवर ही सहावी आणि सातवी गाणी एकामागोमाग धावत येतात, मध्ये उठून रेकॉर्ड उलटायची सक्ती नाही, आणि मग सातव्या गाण्याचा तो सुरुवातीचा पियानो नुसता ‘पुढचं गाणं’ होतो. म्हणून सहाव्यानंतर पॉज करा. चहा टाका, पाणी प्या, काहीही करा. दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी ऐकलीत तरी उत्तम.

पहिल्यांदा ऐकताना शब्दांच्या मागे लागू नका. इंग्रजी गाणं म्हटलं की आपल्यातले बरेच जण लगेच मोबाईलवर लिरिक्स उघडून वाचत बसतात, आणि वाचताना कान बंद होतात. पहिल्या वेळी फक्त वाद्यं. दुसऱ्या वेळी शब्द. एक साधी परीक्षा घ्या स्वतःची: ‘सो फार अवे’ लावा आणि ॲकॉस्टिक (म्हणजे विजेवर न चालणारी) गिटार कोणत्या कानात आहे, ती गाण्याला कुठे टेकू देते आणि कुठे गप्प बसते एवढंच ऐका. शेवटाकडे बासरी येते, ती कर्टिस एमी नावाच्या जॅझवाल्याची. तोच माणूस पुढच्या ‘इट्स टू लेट’मध्ये सोप्रानो सॅक्सोफोनवर आहे. आणि ती गिटार? ती जेम्स टेलरची.

पायरी ३: आता नाव पकडा

ॲपवर क्रेडिट्स बघायला गेलात तर बहुतेक वेळा गीतकार, संगीतकार, निर्माता एवढंच मिळतं. त्यावर भागत नाही. डिस्कॉग्ज या साइटवर जा, अल्बमचं नाव टाका, तिथे लोकांनी जुन्या कव्हरचे मागचे-आतले फोटो चढवलेले असतात, त्यात कोणी काय वाजवलं ते छापलेलं असतं. ते मोठं करून वाचा. मी एक वही ठेवतो, डाव्या पानावर अल्बम, उजव्या पानावर नावं, आणि दुसऱ्यांदा दिसलेल्या नावाखाली रेघ. मोबाईलच्या नोट्समध्ये केलं तरी चालतं.

‘टॅपेस्ट्री’चं पान भरलंत की ही नावं मिळतील: जेम्स टेलर गिटार, डॅनी कॉर्चमार गिटार, रस कंकल ड्रम्स, आणि मागे आवाज द्यायला जोनी मिचेल. आता यातलं कुठलंही नाव ओढा, पुढचा अल्बम हातात येतो.

रस कंकल ओढा, कारण ड्रमरच्या मागे सहसा कोणी जात नाही. तो जेम्स टेलरच्या ‘स्वीट बेबी जेम्स’वर आहे, फेब्रुवारी १९७० चा अल्बम, निर्माता पीटर ॲशर. त्यावर पियानोला कोण? कॅरोल किंग, ‘टॅपेस्ट्री’च्या वर्षभर आधी, तेव्हा ती दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणारी बाई म्हणूनच ओळखली जायची. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ‘फायर अँड रेन’ लावा आणि चांगल्या हेडफोनवर फक्त ड्रम्स ऐका. सुरुवातीला जवळजवळ नाहीतच. मग हळूच मोठ्या टॉम ड्रमवर ठोके येतात पण काठीचा टोक्‌ असा आवाज येत नाही, काहीतरी बोथट, खोल, दाराबाहेर कोणी वळीव पाऊस बघत उभं असावं इतकं सावध. कंकल तिथे काठ्यांऐवजी ब्रश, म्हणजे बारीक तारांचे झुपके, वापरतोय. ब्रश सहसा जॅझमध्ये स्नेअरवर, म्हणजे तडतडणाऱ्या छोट्या ड्रमवर, घासायला घेतात, कंकलने ब्रशने टॉमवर फटके मारलेत. आणि खाली जो लांबलचक घोगरा सूर चाललाय तो डबल बास आहे, बोटांनी न छेडता गजाने वाजवलेला. तीन-साडेतीन मिनिटांच्या या गाण्यात मैत्रिणीची आत्महत्या आहे, व्यसनातून बाहेर पडायची धडपड आहे, मोडलेला बँड आहे, आणि वाजवणारे कोणीही आवाज चढवत नाहीत. याला गोडगोड म्हणणाऱ्याने ते नीट ऐकलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच अल्बमचं शेवटचं गाणं ‘स्वीट फॉर ट्वेंटी जी’ हे तीन अर्धवट तुकडे जोडून केलंय. अल्बम पूर्ण करून दिल्यावर कंपनीकडून वीस हजार डॉलर मिळणार होते, एक गाणं कमी पडत होतं, म्हणून जोडलं आणि नावही तेच दिलं, ‘ट्वेंटी जी’ म्हणजे वीस हजार. असे किस्से कळले की ही माणसं जरा जवळची वाटतात.

आता कंकलचाच धागा धरून ‘ब्लू’वर या. जून १९७१. हा अल्बम हॉलिवूडच्या ला ब्रेआ रस्त्यावरच्या ए अँड एम स्टुडिओत झाला, जी जागा मुळात चार्ली चॅप्लिनने आपल्या सिनेमांसाठी बांधली होती, आणि ‘टॅपेस्ट्री’ही त्याच इमारतीत, त्याच सुमारास. कॅरोल एका खोलीत, जोनी दुसऱ्या खोलीत. जोनी वापरत होती त्या खोलीतल्या पियानोवर कॅरोलच्या मंडळींचा डोळा होता आणि तिचं बुकिंग नसेल तेव्हा ते तिथे घुसायचे असं सांगतात. जेम्स टेलर दोन्हीकडे गिटार घेऊन जातोय, आणि त्याच वेळी शहरातल्या दुसऱ्या स्टुडिओत स्वतःचा ‘मड स्लाइड स्लिम’ही करतोय.

पण दोन अल्बम किती वेगळे! ‘टॅपेस्ट्री’त सगळं घट्ट बांधलेलं, तर ‘ब्लू’मध्ये कित्येक ठिकाणी एक आवाज आणि एक वाद्य, एवढंच. चार गाण्यांत जोनीच्या मांडीवर डल्सिमर आहे, हे अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगराळ भागातलं तंतुवाद्य, ते आडवं ठेवून वाजवतात. ‘अ केस ऑफ यू’मध्ये तिचा डल्सिमर आणि टेलरची गिटार शेजारी शेजारी चालतात आणि कोण कधी पुढे येतं हे ओळखायला तीन-चार वेळा ऐकावं लागतं. ‘रिव्हर’ची सुरुवात पियानोवर ‘जिंगल बेल्स’ची आहे, पण सूर असे उदास वळवलेत की सणाच्या दिवशी एकट्या पडलेल्या माणसाचं गाणं आहे हे एक शब्द कळायच्या आधी कळतं. हा अल्बम पहिल्या वेळी आवडला नाही तर त्यात विशेष काही नाही, तिचा आवाज एकदम वर जातो ते काहींना टोचतं. ठेवून द्या, महिन्याने लावा.

पायरी ४: एकच गाणं, दोन माणसं

इथे वेळ द्या, कारण कान तयार होतो तो इथेच. ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ लिहिलं कॅरोलने. तिने ‘टॅपेस्ट्री’वर घेतलं, टेलरने ‘मड स्लाइड स्लिम’वर, दोन्ही १९७१. टेलरचं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, पुढच्या वर्षी गाण्याचा ग्रॅमी कॅरोलला आणि गायनाचा त्याला. दोन्ही पाठोपाठ लावा. तिच्याकडे पियानो आहे, त्यामुळे सूर जड पडतात, गाणं जागच्या जागी उभं राहून धीर देतं. त्याच्याकडे गिटार आहे, बोटं सतत चालू आहेत, तेच शब्द चालता चालता बोलल्यासारखे येतात. मला स्वतःला तिचं जास्त आवडतं, त्याचं जरा फारच गुळगुळीत आहे, पण यावर आमच्या मित्रमंडळींत अजून एकमत झालेलं नाही आणि होणारही नाही.

दुसरी जोडी: ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’. हे कॅरोल किंग आणि गेरी गॉफिन या तेव्हाच्या जोडप्याने शिरेल्स नावाच्या मुलींच्या ग्रुपसाठी १९६० मध्ये लिहिलं, उडतं, नाचायचं गाणं. अकरा वर्षांनी तिने स्वतः ‘टॅपेस्ट्री’वर घेतलं तेव्हा चाल इतकी संथ केली की प्रश्नाचा अर्थच बदलला, आधी कोवळ्या मुलीची शंका होती, आता संसार करून, मोडून बसलेल्या बाईचा प्रश्न आहे. मागे आवाज जोनी आणि टेलरचे. साठच्या दशकातून सत्तरच्या दशकात नेमकं काय बदललं ते समजायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

पायरी ५: ओळखीच्या घोळक्यातून बाहेर पडा

इथपर्यंत आलात की एक धोका असतो, माणूस लॉस एंजलिसच्या लॉरेल कॅन्यनमधल्या त्याच आठ-दहा जणांत फिरत बसतो. म्हणून वहीतलं बाजूचं नाव घ्या. ‘ब्लू’वरच्या ‘कॅरी’ गाण्यात बास वाजवणारा स्टीव्हन स्टिल्स हा क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या बँडमधला. तोच बिल विदर्सच्या ‘जस्ट ॲज आय ॲम’वर गिटार वाजवतो, १९७१ चाच अल्बम. दुकानात हा सोलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, कप्प्यात सापडायचा आणि सॉफ्ट रॉकच्या याद्यांत तो नसतो, जे मला पटत नाही, कारण यात मध्यभागी ॲकॉस्टिक गिटारच आहे. कव्हरवर विदर्स हातात जेवणाचा डबा घेऊन भिंतीला टेकून उभा आहे. विमानातले टॉयलेट बसवायच्या कारखान्यात तो तेव्हा खरंच कामाला होता. ‘एन्ट नो सनशाइन’ सगळ्यांना माहीत असतं, तुम्ही ‘ग्रँडमाज हँड्स’ ऐका.

दुसरा रस्ता टेलरवरून नील यंगकडे. ‘हार्वेस्ट’, १९७२. नॅशव्हिलला जॉनी कॅशच्या टीव्ही शोसाठी नील यंग, जेम्स टेलर आणि लिंडा रॉन्स्टॅट एकत्र आले होते, यंगने त्या दोघांना स्टुडिओत ओढलं आणि ‘हार्ट ऑफ गोल्ड’मागे त्यांचे आवाज आले. ‘ओल्ड मॅन’मधला बँजोही टेलरचाच. या अल्बमवर दोन गाण्यांत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, ती मला तरी झेपत नाहीत, एवढ्या साध्या आवाजामागे एवढा फौजफाटा कशाला.

रॉन्स्टॅटचं नाव मिळालं ना, मग बघा: १९७१ मध्ये तिच्यामागे वाजवणाऱ्या पोरांत ग्लेन फ्राय आणि डॉन हेन्ली होते, त्यांनी बर्नी लेडन आणि रँडी माइस्नरला घेऊन ईगल्स काढला. आणि हा माइस्नर तुम्ही आधीच ऐकलाय, ‘स्वीट बेबी जेम्स’वर ‘कंट्री रोड’मध्ये बास त्याचाच आहे. आपल्याकडे ईगल्स म्हणजे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ एवढंच समीकरण झालंय, वांद्र्यापासून पणजीपर्यंत प्रत्येक बँडला त्याची फर्माईश येते, पण १९७२ चा त्यांचा पहिला अल्बम जास्त मोकळा, जास्त ॲकॉस्टिक आहे.

एक सूचना. जोनी मिचेल आणि नील यंग दोघांनीही जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून आपलं काम काढून घेतलं होतं आणि मार्च २०२४ मध्ये परत आणलं. म्हणजे दोन वर्षं लोकांच्या लायब्ररीत नुसत्या राखाडी ओळी. जे अल्बम मनात घर करतील त्यांची सीडी, रेकॉर्ड किंवा विकत घेतलेली फाइल, काहीतरी स्वतःकडे ठेवा.

पायरी ६: लंडनकडे

इंग्लंडमधलं ॲकॉस्टिक वेगळ्या मातीतलं आहे, ऊन कमी. सोपी सुरुवात कॅट स्टीव्हन्स, ‘टी फॉर द टिलरमन’. आधी हा पॉप स्टार होता, १९६९ मध्ये टीबी झाला, कित्येक महिने अंथरुणात गेले, उठला तो वेगळाच माणूस आणि वेगळीच गाणी घेऊन. ‘फादर अँड सन’मध्ये बाप आणि मुलगा दोघंही तोच आहे, बाप खालच्या पट्टीत, मुलगा वरच्या. कितीजण हे वर्षानुवर्षं ऐकतात आणि दोन गायक आहेत असं समजतात.

मग निक ड्रेक. याचा मुंबईशी बादरायण संबंध आहे: वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनीअर होते, म्हणून हा जन्मला रंगूनला, १९४८ साली. त्याचा शेवटचा ‘पिंक मून’ १९७२ चा. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दोन रात्रींत संपवला, खोलीत तो आणि इंजिनीअर जॉन वुड, तिसरा कोणी नाही. फक्त गळा आणि गिटार, पहिल्या गाण्यात पियानोची एक छोटीशी ओळ नंतर घातलेली. सगळा मिळून २८ मिनिटं. त्या वेळी कोणी विचारलं नाही, १९७४ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी तो गेला, आणि १९९९ च्या शेवटी फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजलं तेव्हा अचानक खप वाढला.

हा अल्बम स्पीकरवर, रात्री, हळू आवाजात ऐका. हेडफोनवर बोटं तारांवरून सरकल्याचा आवाज फार जवळ येतो, त्याचीही मजा आहे पण ती नंतरची. आणि याच्यापासून सुरुवात मात्र करू नका, नेटवर सगळे हाच आधी सुचवतात आणि नवा माणूस उदास होऊन पळून जातो. ड्रेकचाच ‘ब्रायटर लेटर’, १९७१, आधी घ्या.

ड्रेकच्या सुरुवातीच्या अल्बमवरचं व्हायोलिन-चेलोचं काम रॉबर्ट कर्बीचं. वहीत लिहा. तेच नाव वॅश्टी बनयनच्या १९७० च्या ‘जस्ट अनदर डायमंड डे’वर दिसेल. ही बाई घोडागाडीतून इंग्लंडहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली आणि वाटेत गाणी केली. अल्बम पडला. तिने गाणंच सोडलं, मुलं वाढवली. २००० साली तो पुन्हा निघाला, नव्या पोरांनी डोक्यावर घेतला आणि २००५ मध्ये तिचा पुढचा अल्बम आला, पस्तीस वर्षांनी, त्यातही कर्बी आहेच.

पायरी ७: रेकॉर्ड, कॅसेट घ्यायच्या असतील तर

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, त्यानंतर जुन्या मालासाठी चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि ओळखीच्यांच्या माळ्यावरची खोकी. भारतात छापलेले कार्पेंटर्स, जिम रीव्ह्ज, बोनी एम ढिगाने मिळतात. जोनी मिचेल क्वचित, ड्रेक तर विसराच, तो ऑनलाइन नवा छापलेला घ्यावा लागतो.

हातात घेतल्यावर मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. केसासारखे बारीक ओरखडे फार त्रास देत नाहीत, पण नखाला लागणारा ओरखडा प्रत्येक फेऱ्याला टक्‌ करणार. पूर्ण रेकॉर्ड राखाडी, निस्तेज दिसत असेल तर खराब सुईने खाल्लेली आहे, धुऊन काही होत नाही. ॲकॉस्टिक रेकॉर्ड घेताना जास्तच कडक राहा, कारण डिस्कोत जी खरखर दडपते ती इथे दोन सुरांच्या मधल्या जागेत उघडी पडते. डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकलीये का बघा. मधल्या भोकाभोवती लेबलवर चरे खूप असतील तर ती भरपूर वाजलेली आहे.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. ती बहुतेक वेळा जाते. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल गोल, लेबल कोरडं ठेवून, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. नळाचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात. वाळल्यावर नवीन आतलं पाकीट घाला, जुन्या कागदी पाकिटातच बुरशी असते. ठेवायच्या त्या उभ्या, कपाट भिंतीला चिकटवू नका, जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळा, त्यांची सुई जड बसते आणि दाब कमी-जास्त करायची सोयच नसते.

कॅसेट मिळाली तर वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात, आणि खालच्या फटीत टेपमागे ते छोटं कापडी पॅड शाबूत आहे का बघा. ते पडलं असेल तर आवाज बुडाल्यासारखा येतो आणि माणूस उगाच प्लेअरला दोष देतो.

पायरी ८: गिटार वाजवत असाल तर

थोडक्यात. नेटवरचे कॉर्ड बघून ही गाणी वाजवली तर ती तशी वाजत नाहीत, कारण तारा वेगळ्या लावलेल्या असतात. जोनीला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात अशक्त राहिला, त्यामुळे तिने तारा अशा लावायला सुरुवात केली की कमी बोटांत जास्त सूर मिळतील. ‘पिंक मून’साठी जाड तारेपासून बारीककडे सी, जी, सी, एफ, सी, ई असं लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. सहावी तार फारच सैल होते, खडखडली तर जाड गेजची घाला. जेम्स टेलरने स्वतः आपल्या साइटवर फुकट धडे टाकलेत, बोटं जवळून दाखवली आहेत, त्याचा ए कॉर्ड बघाच, बोटं चक्क उलट्या क्रमाने बसतात.

पायरी ९: दशकाचा उत्तरार्ध सगळ्यात शेवटी

१९७५ नंतर पैसा आला, स्टुडिओत महिनेच्या महिने जाऊ लागले, आवाज चकचकीत झाला. यात वाईट काही नाही, पण आधीचं न ऐकता इथे आलात तर नुसती चकाकी दिसते. फ्लीटवूड मॅकचा ‘रूमर्स’, फेब्रुवारी १९७७, अमेरिकेत ३१ आठवडे पहिला. त्यातली गाजलेली गाणी तुम्ही ऐकलेलीच आहेत, या वेळी आधी दोन शांत गाणी वेगळी काढा. ‘नेव्हर गोइंग बॅक अगेन’मध्ये लिंडसे बकिंगहॅम एकटा गिटार वाजवतोय, तारांचा नवेपणाचा खणखणीतपणा जाऊ नये म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी दर वीस मिनिटांनी तारा बदलत होते. ‘साँगबर्ड’साठी क्रिस्टीन मॅकव्हीला स्टुडिओतून उचलून बर्कलीच्या झेलरबाख सभागृहात नेलं, रिकाम्या सभागृहात पियानो आणि ती, आणि माइक लांब लांब ठेवलेले. आवाज भिंतींवरून परत येतो तो ऐका.

आणि ‘रूमर्स’ची आवृत्ती निवडताना ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ आहे का बघा. स्टीव्ही निक्स ही बँडमधली गायिका, बकिंगहॅमपासून तेव्हा वेगळी झालेली; तिचं हे गाणं बाजूवर मावत नव्हतं म्हणून अल्बममधून काढलं आणि ‘गो युअर ओन वे’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं, बाई त्यावरून प्रचंड चिडल्या होत्या. नंतरच्या काही आवृत्त्यांमध्ये ते ‘साँगबर्ड’च्या पुढे मध्येच बसवलंय. पहिल्या वेळी ११ गाण्यांचा मूळ अल्बमच ऐका, ‘साँगबर्ड’वर पहिली बाजू संपू द्या, आणि ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ वेगळं लावा, ‘गो युअर ओन वे’ झाल्यावर लगेच. ते बकिंगहॅमने निक्सबद्दल लिहिलेलं आहे आणि हे निक्सने बकिंगहॅमबद्दल.